शिडीची मुदत

सकाळी बरोबर दहा वाजता दंतवैद्य गच्चीवर आले आणि वर बघून अतिशय नम्र आवाजात म्हणाले, "काका, दहा वाजले. शिडी नेऊ का?"

काका, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल, त्या वेळी गच्चीत उघडणाऱ्या जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर उकिडवे बसले होते. तिथे इमारतीची चार सौर पॅनेलं होती आणि काका ती ब्रशनं घासत होते. पावणेबाराच्या बसनं ते आणि काकू लेकीकडे निघणार होते, महिनाभरासाठी. लेकीला तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाली होती. पहिलीच नात. तिचा फोटो काकांनी अजून धड पाहिला नव्हता, कारण तो छापून घेतला तर कागद जातो आणि फोनवर पाहिला तर चष्मा लागतो. पण महिनाभर पॅनेलांवर धूळ साचणार, हा विचार त्यांना नातीला भेटायच्या आनंदातसुद्धा टोचत होता.

"एकच पॅनेल राहिलंय हो डॉक्टर. पाच मिनिटं."

"माझं काही नाही," दंतवैद्य शिडीवर हात ठेवून म्हणाले. "पण नियम चार काय सांगतो? मुदत संपल्यावर वस्तू एक मिनिटही ठेवता येत नाही. बरोबर ना? तुम्हीच लिहिलाय म्हणून विचारतो."

या प्रश्नामागे मोठा इतिहास होता. सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत सहा शिड्या, सहा इस्त्र्या आणि सहा मोठ्या सुटकेसा कशाला, असा सवाल काकांनी दोन वर्षांपूर्वी केला होता. कुणालाच उत्तर सुचलं नाही आणि हाच होकार समजून काकांनी 'वस्तू देवघेव मंडळ' स्थापन केलं. प्रत्येक प्रकारातली एकेक बरी वस्तू ठेवली, बाकीच्या गरजूंना देऊन टाकल्या. ठेवलेल्या वस्तू जिन्याखालच्या खोलीत गेल्या. कल्पना चांगलीच होती, हे काकांना मनातून शिव्या देणारेही कबूल करत. वर्षातून आठ मिनिटं लागणारं ड्रिल मशीन प्रत्येकानं विकत घेण्यात काय अर्थ आहे?

पण काकांनी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली होती. त्यांना शिडीसुद्धा पुस्तकासारखीच दिसायची. त्यांनी प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, प्रत्येक क्रमांकाचं कार्ड केलं. खाली फलकाशेजारी कार्डांचे खिसे लावले. ज्याला वस्तू हवी त्यानं कार्डावर रिकाम्या रकान्यात नाव आणि वेळ लिहायची. वेळ टळली तर काका लाल पेन्सिलीनं 'उशीर' असं लिहीत आणि ते कार्ड महिनाभर फलकाच्या मधोमध टाचून ठेवत. दंतवैद्यांनी ड्रिल मशीन चार मिनिटं उशिरा परत केलं होतं. तळमजल्यावरच त्यांचा दवाखाना. येणारा प्रत्येक रुग्ण आधी फलक वाची आणि मग खुर्चीत बसताना घाबऱ्या आवाजात विचारी, "डॉक्टर, ते ड्रिल मशीन तुम्ही कशासाठी नेलं होतं?"

त्यामुळे आज दंतवैद्य नियमाचं एक अक्षरही सोडणार नव्हते. काकांनाही ते कळत होतं. शांतपणे खाली उतरावं, शिडी द्यावी आणि एक पॅनेल मळकं राहू द्यावं, हा साधा मार्ग होता. पण अर्धं घासलेलं पॅनेल सोडून देणं काकांच्या स्वभावात नव्हतं आणि स्वतःसाठी नियम वाकवणं तर त्याहून नव्हतं.

"न्या," ते ताठ मानेनं म्हणाले. "नियम म्हणजे नियम. साडेदहापर्यंत तुमची मुदत. तोवर माझं पॅनेल होईल."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातोय?"

दंतवैद्यांनी शिडी खांद्यावर टाकली. जिन्यावरून त्यांचं शीळ घालणं बराच वेळ ऐकू येत होतं.

काकांनी पॅनेल मन लावून पुसलं. धुतलेलं पाणी पन्हळीतून खालच्या पिंपात पडत होतं. थेंब वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पिंपावरची डासांची जाळी मुद्दाम काढून ठेवली होती. मग ते गुडघे धरून बसले आणि सुटकेसचा विचार करू लागले.

ती सुटकेस म्हणजे त्यांचा अभिमान होता. मंडळाची एकुलती एक मोठी सुटकेस त्यांनी रीतसर महिनाभरासाठी नोंदवली होती आणि आदल्या दुपारी स्वतःच्या हातांनी भरली होती. जुन्या चादरी आणि बनियनं फाडून त्यांनी नातीसाठी बावन्न लंगोट शिवले होते. प्रत्येकावर न पुसणाऱ्या शाईनं क्रमांक टाकला होता, म्हणजे धुवायला गेलेला कुठला आणि वाळलेला कुठला, याची नोंद ठेवता येईल. त्यावर दोन जाड फायली : 'लहान बाळ असलेल्या घरासाठी बेचाळीस सूचना', भाग एक आणि भाग दोन. उरलेल्या जागेत दोघांचे कपडे. काकूंनी सात महिने खपून विणलेली दुलई, दोन स्वेटर आणि चार टोपडी मात्र मावली नाहीत.

"लोकर फार जागा खाते गं," काका म्हणाले होते. "आणि तिथे एवढी थंडी नाही."

काकू काहीच बोलल्या नव्हत्या. बत्तीस वर्षांच्या संसारात काकांनी त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावायला शिकून घेतलं होतं. न बोलण्याचा अर्थ लावायचं तेवढं राहून गेलं होतं.

साडेदहा झाले. शीळ काही परत आली नाही. पावणेअकराला काकू आल्या. प्रवासाचे कपडे, पायात बूट, आणि चेहरा जरा उतरलेला.

"अहो, शिडी कुठाय?"

"डॉक्टरांकडे. आता येतीलच ते."

"डॉक्टरांकडे नाहीये! मी तिथूनच येतेय. ते म्हणतात साडेदहाला आपल्या खालच्या शिंपीणबाई दारात उभ्या होत्या, त्या घेऊन गेल्या. सव्वादहाला खाली आल्या, कार्डावर रकाना रिकामा दिसला, नाव लिहून टाकलं."

"मग नियमाप्रमाणेच आहे," काका म्हणाले. पण आवाजात मघाचा ताठपणा नव्हता. "अकरापर्यंत त्यांची मुदत. जाऊन सांग, जरा लवकर द्या म्हणावं."

काकू दोन मजले उतरून गेल्या आणि दोन मजले चढून आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "त्यांचे पडदे दहा मिनिटांत काढून झाले. शिडी जिन्याखालच्या खोलीत ठेवून, तुम्ही सकाळी उघडं ठेवलेलं दार ओढून त्या दुकानात निघून गेल्या."

जिन्याखालच्या खोलीचं दार ओढलं की आपोआप कुलूप लागायचं. हेही काकांनीच बसवून घेतलं होतं, लोक निष्काळजी असतात म्हणून. किल्ली एकच होती. एका कुलपाला दोन किल्ल्या ही धातूची नासाडी, असं काकांचं मत होतं. ती एकुलती एक किल्ली या क्षणी काकांच्या शर्टाच्या खिशात, जमिनीपासून चार मजले अधिक दहा फुटांवर होती.

"एखादं उंच स्टूल बघ कुणाकडे," काकांनी सुचवलं.

"स्टूल त्या खोलीत आहे. मंडळाचं."

"दोरी?"

"खोलीत."

"शेजारच्या इमारतीत शिडी असेल."

"नाही. त्यांना तुम्हीच गेल्या वर्षी व्याख्यान देऊन शिडी विकायला लावलीत. तेही आपलीच नेतात आता." काकूंनी घड्याळ पाहिलं. "अहो, अकरा वाजले. बस सुटली तर पुढची उद्या आहे. तिकडे ती पोर किती वाट बघत असेल! उडी मारा."

काकांनी कडेला येऊन खाली पाहिलं. दहा फूट हे अंतर टेपनं मोजताना किरकोळ वाटतं. त्रेसष्टाव्या वर्षी वरून बघितल्यावर ते दोन पावलं मागे सरकले.

"मी किल्ली टाकतो. तू झेल."

काकूंनी ओंजळ पुढे केली. काकांनी एक डोळा मिटून नेम धरला. कॉलेजात असताना आपण क्रिकेट खेळायचो, असं ते लेकीला नेहमी सांगत. ते खोटं होतं, हे आता सिद्ध झालं. किल्ली काकूंच्या ओंजळीपासून हातभर लांबून गेली, पन्हळीवर आपटली आणि जाळी काढून ठेवलेल्या पिंपात पडली. पिंप दोनशे लिटरचं होतं आणि आजच्या धुण्यानं काठोकाठ भरलं होतं.



"हात घालून बघ," काका म्हणाले.

"माझा हात आहे तो! पिंप माझ्या खांद्याएवढं उंच आहे."

"मग पाणी काढावं लागेल."

काकू पिंपाकडे वळल्या, तसे काका वरून ओरडले, "ओतू नकोस! झाडांना घाल!"

"दोनशे लिटर?"

"गच्चीत चोवीस कुंड्या आहेत. प्रत्येकीला थोडं थोडं. पाणी वाया घालवायचं नाही, काय वाटेल ते होवो."

काकूंनी नळाखाली बादली लावली. पिंपाचा नळ काटकसरीचा होता, धार दोऱ्याएवढी. बादली भरायला तीन मिनिटं लागली. काकूंनी पहिली बादली कुंड्यांना घातली. दुसरी घातली. तिसऱ्या बादलीला कुंड्या भरून वाहू लागल्या. वरून काका मार्गदर्शन करत होते, "तुळशीच्या बाजूच्या दोन राहिल्या. मोगऱ्याला जास्त नको, मुळं कुजतात."

अकरा वाजून बारा मिनिटांनी काकूंनी बादली खाली ठेवली. पिंपाची पातळी चार बोटं उतरली होती. काकूंनी पिंपाकडे पाहिलं, मग वर नवऱ्याकडे पाहिलं. पिंप विटांच्या चौथऱ्यावर ठेवलेलं होतं आणि पुढची वीट हलत होती. ती बसवून घ्या, असं काकू सहा महिने सांगत होत्या.

"अगं, काय करतेस? अगं पाणी! पाणी!"

काकूंनी त्या विटेला लाथ घातली. त्यांच्या लाथेत बत्तीस वर्षांची ताकद असावी, कारण वीट थेट कठड्यापर्यंत गेली. पिंप एकदा डुललं, विचारात पडल्यासारखं थांबलं आणि आडवं झालं. गच्चीत लोंढा उसळला आणि कोपऱ्यातल्या पाइपातून खाली गेला. लोंढा ओसरला, तेव्हा किल्ली काकूंच्या बुटापाशी चमकत होती.

तो पाइप बरोबर दवाखान्याच्या दारावर सुटत होता. दाराबाहेर दंतवैद्य उभे होते. शिडी वापरून लावलेली नवी पाटी सरळ बसली की नाही, हे ते मान वर करून बघत होते.

तीन मिनिटांनी ते गच्चीवर आले. केसांतून पाणी गळत होतं, पांढरा कोट अंगाला चिकटला होता. जिन्यात काकूंनी त्यांच्या हातात किल्ली कोंबली होती, म्हणून खांद्यावर शिडी होती. ती त्यांनी भिंतीला लावली नाही. हातात उभी धरून ठेवली.

"काका," ते म्हणाले, "माझं कार्ड फलकावरून कधी निघतंय?"

"महिना पूर्ण व्हायला नऊ दिवस आहेत," काका वरून म्हणाले. ही सवय होती. तोंडातून निघून गेलं.

"अहो!" काकू किंचाळल्या. "सव्वाअकरा वाजून गेले!"

"चार मिनिटं, काका. चार मिनिटांसाठी एक महिना. मंगळवारी एक बाई अर्धवट दात सोडून पळून गेल्या."

काका कडेशी बसले. त्यांनी दंतवैद्यांकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी प्राचार्यांचंसुद्धा कार्ड वेळेआधी काढलं नव्हतं. नियम एक ते अठरा त्यांच्या डोक्यात ओळीनं उभे राहिले आणि त्यांतला एकही कामाचा नव्हता. बस जाणार होती. आज नात दिसणार नव्हती.

"डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले, "मला नात बघायची आहे हो."

दंतवैद्यांनी कपाळावरून ओघळणारं पाणी पुसलं. शिडी भिंतीला टेकवली, पायानं घट्ट धरली आणि हात वर केला. "या. सावकाश. डावा पाय आधी." काका खाली पोचल्यावर त्यांनी ओल्या खिशातून शिडीचं कार्ड काढून काकांच्या हातात दिलं. "सही नंतर करा. पळा आता."

दोघं पळाले. स्टँडपर्यंत रिक्षा करावी, असं काकू म्हणाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांनी हवेच्या प्रदूषणाचा मुद्दा काढला नाही. सुटकेस त्यांनी एका हातानं उचलली. ती एवढी हलकी कशी, हे त्यांच्या लक्षात आलं ते बस गाव सोडून बाहेर पडल्यावर.

"अगं, सुटकेस हलकी कशी लागली?"

"लोकर हलकी असते," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"आणि लंगोट?"

"बारा घेतलेत. चाळीस शिंपीणबाईंच्या दारात ठेवले, मशीन पुसायला. पुनर्वापरच झाला."

काकांनी तोंड उघडलं. याविरुद्ध एकही नियम सापडेना, म्हणून मिटलं. "आणि फायली?"

"त्या घरी आहेत. सकाळी पोरीचा फोन आला होता. म्हणाली, आई, बाबांना नक्की आण, पण फायली आणल्या तर मी दार उघडणार नाही. रडत होती हो. तीन आठवडे झोप नाही तिला."

हाताला चाळा म्हणून त्यांनी खिशातलं शिडीचं कार्ड काढलं. भिजलं होतं, पण वाचता येत होतं. नऊ ते दहा, त्यांचं स्वतःचं नाव. साडेदहा ते अकरा, शिंपीणबाईंचं. मधल्या रकान्यात 'दंतवैद्य' असं लिहिलेलं. त्या अक्षरातल्या किराणा सामानाच्या याद्या काका बत्तीस वर्षं वाचत आले होते.

"अगं," ते सावकाश म्हणाले, "डॉक्टरांचं नाव तुझ्या अक्षरात कसं?"

काकूंच्या कानाची पाळी लाल झाली. "त्यांचं अक्षर वाईट आहे. तुम्हाला लागलं नसतं."

"म्हणजे तूच त्यांना..."

"अर्धाच तास हवा होता मला! सुटकेस भरायला. तुम्ही तिच्यापाशी पहारा देत बसला असतात. शिंपीणबाई मधे कडमडतील हे मला काय माहीत?" मग त्या एकदम वळल्या. "आणि 'न्या' कोण म्हणालं? मला वाटलं होतं, तुम्ही भांडाल. निदान दहा मिनिटं तरी भांडाल!"

यावर काकांना हसू आलं. आधी दाबलं, मग दाबवेना. पुढच्या सीटवरच्या माणसानं दोनदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी लेकीनं दार उघडलं. आधी तिनं वडिलांच्या काखेकडे पाहिलं, फाईल नाही याची खात्री केली आणि मग गळ्यात पडली. घरात जावई, विहीणबाई आणि जावयाची आत्या आधीच हजर होते. पाळण्याच्या दांडीला एक कार्ड टांगलेलं होतं. रकाने आखलेले, नावं आणि वेळा लिहिलेल्या. प्रत्येकाला पंधरा मिनिटं.

"काय करू बाबा," लेक म्हणाली, "सगळे ओढाओढी करत होते. लहानपणापासून जे बघितलं तेच सुचलं."

काकांची मुदत साडेसहापासून होती. नातीला मांडीवर घेतल्यावर त्यांनी चष्मा लावला. तिनं काकूंच्या टोपड्यातून त्यांच्याकडे पाहिलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं. बेचाळीस सूचनांपैकी एकही आठवेना. डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पावणेसातला विहीणबाई हात पुढे करून उभ्या राहिल्या. "वेळ झाली हं."

"मला मुदतवाढ हवी आहे," काका म्हणाले.

"पुढची मागणी नोंदवलेली असेल तर मुदतवाढ नाही," काकू सोफ्यावरून म्हणाल्या. "नियम सहा."

काका हलले नाहीत. लेकीनं कपाळाला हात लावला, काकूंनी हसून मान फिरवली. विहीणबाई बिचाऱ्या हात तसेच धरून उभ्या. शेवटी बाळानंच काकांच्या शर्टावर आपला निकाल दिला, तेव्हा त्यांना उठावं लागलं. लेकीनं घड्याळ पाहिलं, टेबलावरची लाल पेन्सिल घेतली आणि वडिलांच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

महिन्यानं दंतवैद्य सकाळी दवाखाना उघडायला आले, तेव्हा फलकाच्या मधोमध त्यांचं कार्ड नव्हतं. तिथे रकाने आखलेलं, कडा दुमडलेलं, दुधाचा डाग पडलेलं एक नवं कार्ड टाचलेलं होतं. त्यावर काकांचं नाव आणि पुढे लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'उशीर. चार मिनिटं.' कार्ड टाचणारा माणूस शेजारीच उभा होता, दंतवैद्यांनी ते नीट वाचलं की नाही हे बघत.

"महिनाभर राहणार का हे?" दंतवैद्यांनी विचारलं.

"छे," काका म्हणाले, "ती शाळेत जाईपर्यंत."